मापं वाटायची नसतात

माझी वहिनी बायकांचे कपडे शिवते, आणि गोष्ट पोटात कशी ठेवायची ते तिच्याकडून शिकावं. पडद्याआड माप देताना कोण काय बोललं, कोणाचं वजन वाढलं, कोणाला दिवस गेलेत, यातलं अक्षर बाहेर येत नाही. बायका खोदून खोदून विचारतात. ही टाचण्या ओठांत धरून नुसतं 'हं' म्हणते.

या स्वभावाचा सगळ्यात मोठा आधार मला होता. ऑपरेशनमध्ये माझा एक स्तन काढला, हे घरात फक्त तिलाच ठाऊक. दादाला आम्ही साधी गाठ होती म्हणून सांगितलं. आई त्याच दुखण्यात गेली, तेव्हापासून तो त्या आजाराचं नावसुद्धा घेत नाही. माझे कपडे वहिनी एका बाजूने आतून भरून शिवते, इतके बेमालूम की आरशासमोर मीच फसते.

नजर अधू व्हायला लागली तेव्हा तिने कटिंगचा प्रोग्राम विकत घेतला. मापं घातली की तो कागदावर पॅटर्न छापून देतो. नोंदणी करायला दादा बसला. त्याचा खाक्या एकच: वाचायचं नाही, 'पुढे' दाबत सुटायचं.

वहिनीने खुर्ची ओढली आणि त्याला ओळ न् ओळ मोठ्याने वाचायला लावली. जन्मतारीख? कापड कापायला माझं वय कशाला, म्हणाली. तिथे सक्तीची लाल चांदणी नव्हती, म्हणून रकाना मोकळाच सोडला. पत्ता घरचा नाही, दुकानाचा. ईमेलसुद्धा दुकानापुरता वेगळा काढला. मोबाईलमधले नंबर बघू द्यायचे? मुळीच नाही. दादाचा पारा चढत होता आणि मला, खोटं कशाला बोलू, मजा वाटत होती.

मग ती चौकट आली. टिक आधीच केलेली. गिऱ्हाइकांचे पॅटर्न नावानिशी कंपनीच्या संग्रहात जातील, ते कोणालाही बघता येतील, आणि बदल्यात पुढच्या वर्षी सवलत. माझी मजा तिथेच संपली. एका बाजूला भरीव केलेला पॅटर्न आणि खाली माझं नाव!

"ती टिक काढा," वहिनी म्हणाली.

दादा भडकला. हातची सवलत सोडायची? कर नाही त्याला डर कशाला? तुझ्या कटिंगमध्ये असं काय सोनं दडलंय? खरं कारण एका वाक्यात सांगून ती मोकळी झाली असती. पण तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, न जाणो दादाला संशय यायचा. हेकट, संशयी, अडाणी, सगळं ऐकून घेतलं. एरवी नाकावर माशी बसू देत नाही ही बाई.

"बायका विश्वासाने मापं देतात," एवढंच ती म्हणाली. "ती वाटायला माझी नाहीत."

दादा माझ्याकडे वळला. तूच समजाव हिला, म्हणाला.

मला राहवलं नाही. "दादा, त्यात माझंही माप आहे. ती गाठ साधी नव्हती रे. एक बाजू काढलीये माझी."

त्याने माझा हात धरला तो सोडेचना. टिक त्याने डाव्या हाताने काढली. पुढची ओळ आली तेव्हा कोणी सांगायची वाट न बघता तो स्वतःच एकेक शब्द लावून वाचू लागला, आणि त्याने बायकोला विचारलं, "मदतीच्या नावाखाली यांना आपला स्क्रीन बघायचाय. नको ना गं?"