भिंतीच्या रंगाचं दार

घरात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. नाव आईनेच पाडलेलं. "पाहुणी म्हणून जाते आणि लोकांच्या खाटा हलवून येते," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगे. फूटपट्टीची नोकरीच ती होती. खोल्या माणसांचं काय करतात, ते बघायचं. कुठल्या वॉर्डात झोप लागते, कुठल्या ऑफिसात डोकं चढतं, खिडकी कुठे असली की आजारी माणूस दोन घास जास्त जेवतो.

विसरभोळेपणाचा आजार जडलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या एका निवासात सगळ्या दिवसभर दाराशी घुटमळत, कडी खडखडवत, रडत. तिने सुचवलं, दार भिंतीच्याच रंगाने रंगवून टाका, कडीसकट. दिसणार नाही, तर आठवणारही नाही. बायका खरंच शांत बसल्या. तिच्या या अभ्यासाचं नाव झालं.

पुढे आईच घरातून निघून पार बसस्टँडवर सापडली, तेव्हा तिला ठेवायला या निवासाहून चांगली जागा फूटपट्टीला सुचली नाही.

पण तिथे गेल्यापासून आई खुर्चीतून उठेनाशी झाली.

"कुठून आलीस गं बाई?" एका दुपारी तिने विचारलं.

"दारातून, आई."

"कुठंय दार?" आईने भिंतींवरून नजर फिरवली. "ठेवायलाच विसरलाय मेला. आमची फूटपट्टी असती ना, चांगला झाडला असता त्याला."

फूटपट्टीने पाण्याचा पेला उगाच इकडचा तिकडे केला. मग उठून सिस्टरकडे गेली.

"दार पुन्हा रंगवू या. लांबून दिसेल असं."

"ताई, तुमच्याच सांगण्यावरून झाकलंय ते," सिस्टर म्हणाली. "परत सगळ्या दाराशी उभ्या राहिल्या, तर आवरायला तुम्ही येणार?"

"येईन."

दार निळं झालं. आई त्याच संध्याकाळी उठली, भिंतीला धरत धरत गेली आणि कडीला हात घालून उभी राहिली. तिच्यामागून बाकीच्याही.

आता फूटपट्टी रोज कामावरून थेट तिथे जाते. कुणाला खुर्चीत बसवते, कुणाचे डोळे पुसते. निघताना आईची बोटं एकेक करून मनगटावरून सोडवावी लागतात. "मलाही ने की," आई म्हणते. दार लागतं आणि आतून कडी वाजायला लागते.

ती जिना उतरते. आवाज तळमजल्यापर्यंत येतो. एरवी तिने हे टिपून घेतलं असतं.