सील केलेला हात

"काऊन बे ब्रदर, अजून मेला नाहीस?"

दवाखान्यात आल्याबरोबर तो मला हेच विचारायचा. ताप त्याला, गळू त्याच्या मांडीवर, आणि चौकशी माझी. आमच्या ग्रामीण दवाखान्यात मी नर्सचं काम करतो, म्हणून सगळे ब्रदर म्हणतात. त्याच्या तोंडून ते शिवीसारखं यायचं.

तो लोणारचा. बोअरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा आणि दुखण्याची इंजेक्शनं स्वतःच्या शिरेत टोचून नशा करायचा. मळक्या सुईनं गळू झालं, जंतू रक्तात गेले. गावातले ओळखीचे डोळे नकोत म्हणून एसटीने आमच्याकडे आला. वॉर्डात भरती केलं, तर शेजारच्या पेशंटचा मोबाइल दिसेना आणि सगळा वॉर्ड याच्याकडे पाहू लागला. मोबाइल त्या पेशंटच्याच उशीखाली सापडला, तोवर हा निघून गेला होता.

आमच्या डॉक्टर मॅडमनी त्याला फोन करून परत आणलं. आता भरती नाही. सलाईनची सुई हातातच ठेवायची, रोज येऊन औषध घ्यायचं आणि घरी जायचं. "मधेच सोडलंत तर जंतू हृदयाची झडप खातील," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मला ते पटलं नाही; आयत्या सुईतून हा घरी नशाच टोचणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं मी मॅडमना ऐकवलंसुद्धा. मग डोकं चालवलं. तुम्हाला माझं डोकं माहीत नाही, म्हणून सांगतो: ते चाललं की आसपासच्यांनी जरा लांब उभं राहावं. मी त्याच्या सुईवर चिकटपट्टीचे थरावर थर दिले आणि वरून आडवी सही ठोकली.

"मी काय मतदानाची पेटी हाय?"

"सही मोडली की कळेल मला."

"तुही सही तुह्या बायकोलेबी वाचता येत नसंन."

रांगेतली माणसं त्याच्यापासून सरकून बसायची. एक म्हातारा तर रोज बोलायचा, "या गर्दुल्ल्याइले कायले औषध देता?"

"बुढा, तू शुगर असून जिलबी खातं, तरी तुले देतेत ना? मंग," तो म्हणायचा. राग मात्र मलाच यायचा. मी आणखी एक थर चढवायचो.

मग एक दिवस तो आला तो पट्टी फाडून, सुई उपटून. मी रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मॅडम, सील तुटलं. मी सांगितलं होतं ना?"

"हात जळून राह्यला होता. पाह्य ना हाताकडं."

मी त्याने आणलेली फाटकी पट्टी हातात धरली होती. सहीचं शेपूट कुठे फाटलंय ते पाहत होतो. हात मॅडमनी पाहिला. मनगटापासून कोपराकडे लाल रेघ, शीर दोरीसारखी कडक, सुईच्या जागी पू.

"सुईची जागा रोज दिसावी म्हणून पारदर्शक पट्टी असते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही गोधडी शिवलीत."

म्हातारा हसला. ज्याचा हात होता तो हसला नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "माह्या बाकी शिरा मी खाल्ल्या. एक राह्यली होती, ते तू खाल्ली."

तेही खरंच निघालं. मॅडमनी दोन्ही हात चाचपले, शीर मिळेना. त्यांनी मेहकरच्या भूलतज्ज्ञांना फोन लावला. ते शीर शोधतील, उरलेलं औषध तिथे घ्या, असं त्याला सांगितलं. तो चिठ्ठी घेऊन गेला. जाईल की नाही, यावर रांगेत पैजा लागल्या. मी पैज लावली नाही. पण लावली असती तर कोणत्या बाजूने, ते तुम्हाला कळलं असेल.

लोणार-मेहकर एसटी आमच्या फाटकासमोर थांबते. दुसऱ्या दिवशी तो खिडकीत दिसला. तिसऱ्याही दिवशी. मी खिडकीखाली जाऊन विचारलं, "ताप उतरला का?"

"तुले काय करायचं? तुहा पेशंट नाही मी."

मग मी नुसता फाटकाशी उभा राहू लागलो. सकाळची एसटी, चहाचं निमित्त. तो रोज असायचा, आणि रोज दुसरीकडे बघायचा.

शेवटी मेहकरहून मॅडमना फोन आला: औषध पूर्ण झालं, रक्त साफ आलं. त्या दिवशी मी परतीच्या गाडीलाही उभा राहिलो. त्याची बाही दंडापर्यंत वर होती. ना सुई, ना पट्टी. मी आपला दात काढून हात हलवला. त्याने काच ओढून घेतली, आणि गाडी लोणारकडे गेली.