चुकलेली रिंग

फोनवर आप्पांच्या कारखान्यातला जोडीदार म्हणाला, "आप्पा गेले." मी म्हणालो, "जेवायला गेले असतील, येतील. काही निरोप होता का?" बायकोनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. तिचा सख्खा थोरला भाऊ, आणि बातमी नीट ऐकायची अक्कल मला नाही. मापाच्या बाबतीतही मी तसाच. आप्पांना हे आधीपासून ठाऊक होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सुरतेत मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो, आप्पा उधन्याच्या कारखान्यात लूमची, म्हणजे यंत्रमागाची, दातेरी चाकं कापायचे. एका साडीवाल्या शेठनं मला जाहिरातीचा नमुना करायला सांगितला. जवळच्या जरीच्या किनारीपासून मागं उभ्या बाईच्या चेहऱ्यापर्यंत नजर सरकत जायला हवी, आणि दोन्ही चोख दिसायला हवं. जमलं तर वर्षभराचं काम माझं, नाहीतर परत हळदीच्या कॅसेटी. पण फोकस फिरवायला लेन्सला हात लावला की चित्र हलायचं. उपाय एकच, लेन्सवर दातेरी रिंग आणि तिला बाजूनं फिरवणारं छोटं चाक. मुंबईला मिळतं म्हणे. आप्पा म्हणाले, "मुंबई कशाले? मी कापतो ना. व्हई जाई, दाजी. माप आणा."

लेन्स भाड्याची. तेलकट कारखान्यात न्यायला जीव धजेना. बायकोच्या शिवणाच्या टेपनं लेन्सला वेढा घातला आणि ऐटीत निरोप धाडला, पंचवीस सेंटीमीटर. दोन दिवसांनी आप्पा सायकलच्या हँडलला एक थाळीएवढी रिंग अडकवून हजर. लूमचं जुनं चाक आतून कोरून काढलेलं, दाते अगदी सरळ. लेन्स तिच्यातून आरपार गेली, वर माझा हातही गेला.

"दाजी, हाऊ कॅमेरा शे का तोफ?"

"पंचवीसच भरलं हो."

"तुम्ही घेर सांगितला. मी आरपार, व्यास समजलो." हसू आवरेना त्यांना. बायको तर दारातच बसली हसत. मी मात्र रडवेला, नमुना दाखवायला तीन दिवस उरलेले. म्हटलं, शेठला नाही सांगतो. आप्पांचं हसू तिथंच थांबलं. "नाही कशाले सांगता? चुकलं ते समजलं ना? मग अर्धं काम झालं." खिशातून कॅलिपर काढून त्यांनी लेन्सचं माप स्वतः घेतलं, तेही आधी हात साबणानं धुऊन.

दुसरी रिंग नायलॉनची. बसली बरोबर, पण दाते लूमचे, जाड. प्रत्येक दात्याला चित्र उडी मारायचं. आप्पांनी ती बाजूला ठेवली. तिसरीचे दाते बारीक कापले आणि सुट्टीचा अख्खा दिवस कानशीनं एकेक घासत बसले. मधूनच चाक कानाशी धरून फिरवायचे. "दात दातले लागाले पाहिजे, चावाले नको." संध्याकाळी चाकाचा आवाज येईनासा झाला तेव्हाच उठले.

नमुन्यात नजर किनारीपासून चेहऱ्यापर्यंत सरकली. शेठ म्हणाला, "फरीथी बताव," पुन्हा दाखव. ते काम मला मिळालं. पुढं घर चाललं ते अशाच रिंगांवर... लेन्स तीनदा बदलली, दर वेळी आप्पा नवी रिंग कापायचे, माप मात्र मला कधीच विचारलं नाही.

पहिली, थाळीएवढी रिंग आमच्याच घरी राहिली. तिच्यावर माठ बसतो. परवा मनात आलं, ती पुसून आप्पांच्या फोटोखाली ठेवावी. बायकोला म्हटलं, "ती चुकलेली रिंग काढतो."

ती म्हणाली, "रिंग कुठं चुकली होती? माप चुकलं होतं. आणि माठाला हात लावू नका, आत्ताच भरलाय."