पूर्ण लिहून घ्या

दादूस यंत्राशी भांडायचा. मनातल्या मनात नव्हे. सगळ्या बसला ऐकू जाईल असं, तोंडावर. मोबाइलमधली बाई म्हणाली, "दो सौ मीटर के बाद दाएँ मुड़िए," की हा स्टिअरिंगवरचा हात न उचलता म्हणायचा, "बाय, तू दाखवतेस त्या रस्त्यावर माझ्या आज्याची भातं होती. मना नको शिकवू." आम्ही हसायचो. तो हसायचा नाही. कोणी चुकीचं बोललं तर तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, मग तो माणूस असो की डबा, हे त्याचं सरळ मत होतं.

तो आमच्या कंपनीची बस चालवायचा. बस बारवी धरणाच्या रस्त्यावरून निघायची, बदलापूर गाव आणि कुळगाव करत अंबरनाथला आनंदनगरच्या फॅक्टरीत पोचायची. मी फॅक्टरीच्या लॅबमध्ये. पहिल्या थांब्यावर चढणारी, त्यामुळे ड्रायव्हरच्या मागची खिडकी नऊ वर्षं माझी होती. दादूस म्हणजे आगऱ्यांमध्ये मोठा भाऊ. मी साताऱ्याकडची, पहिल्याच दिवशी त्याला "अहो, थांबा" म्हणाले तर गाडी बाजूला घेऊन म्हणाला, "दादूसला अहो कोन बोलतं? ही गाडी हाय, लग्न नाय." तेव्हापासून मी त्याला अरेतुरे करायला लागले. तो मला लॅबवाली म्हणायचा. माझं खरं नाव त्याला ठाऊक होतं की नाही, शंकाच आहे.

त्याला नोकरीची गरज नव्हती. गावातली जमीन गेली तिथे आता सात मजली इमारती उभ्या होत्या, आणि त्यातले दोन फ्लॅट त्याचे होते. गळ्यात जाड साखळी, कानात बाळी, पांढरी पँट. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "घरात बसून मी काय करू? बायकोच्या मालिका बघू?" तो काही संत नव्हता. तोंड शिवराळ होतं. बसमध्ये कोणी मोबाइलवर मोठ्याने व्हिडिओ लावला तर फोन मागून घ्यायचा आणि आनंदनगर येईपर्यंत स्वतःजवळ ठेवायचा. बायकोला महाबळेश्वर दाखवीन असं दर दिवाळीला सांगायचा, आणि दर दिवाळीला विसरायचा.

पण रस्त्यावर त्याचे काही नियम होते आणि ते कोणासाठीही बदलत नसत. बारवीच्या बाजूच्या डोंगरातल्या वाड्यांवरून बायका डोक्यावर पाट्या घेऊन बदलापूरच्या बाजाराला चालत यायच्या. दोन अडीच तासांची चाल. दादूस त्यांना बसमध्ये घ्यायचा. कंपनीच्या नियमात ते बसत नव्हतं. आमच्यातल्या काहींनी कुरकूरही केली, पाट्यांना वास येतो म्हणून. दादूस म्हणाला, "रिकामी सीट घेऊन मानसाच्या बाजूनं पुढं जायचं, याला प्रवास नाय बोलत. याला पलून जानं बोलतात."

मग बसमध्ये कॉम्प्युटरचा पडदा आला. डॅशबोर्डवर, हाताच्या अंतरावर, वहीएवढा. गाडीचा वेग, थांबे, सगळं त्यात नोंदलं जायचं. ठरलेल्या थांब्याशिवाय गाडी उभी राहिली की तो कर्कश ओरडायला लागायचा, आणि ड्रायव्हरने कारणाचं बटन दाबेपर्यंत थांबायचा नाही. महिनाअखेरीला ट्रान्सपोर्टचे साहेब सगळ्या ड्रायव्हरांचा तक्ता नोटीस बोर्डावर लावायचे. हिरवा म्हणजे शिस्तीचा, लाल म्हणजे बेशिस्त. दादूस कायम लाल. एकदा त्याने सगळ्यांदेखत खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच्या नावापुढे लिहिलं, "बरोबर आहे." साहेबांनी बोलावून घेतलं, तर त्यांनाच विचारून आला, "साहेब, पडद्यावर ट्रॅफिकचं बटन हाय, पंक्चरचं हाय, डिझेलचं हाय. मानसाचं कुठं हाय?" साहेब म्हणाले, 'इतर' दाबा. त्याला ते फार लागलं. कित्येक दिवस तो बटन दाबताना मोठ्याने म्हणायचा, "घ्या, इतर आली."

खोटं त्याला सहन व्हायचं नाही, अगदी बारीकसारीकही. पॅकिंग विभागाच्या कविता मॅडम उल्हासनगरच्या सिंधी; बदलापुरात फ्लॅट घेऊन राहायला आलेल्या. एकदा बस कुळगावात असताना त्या फोनवर सांगत होत्या, "हाँ हाँ, गेट पे पहुँच गई मैं." दादूसने गाडी उभी केली. "मॅडम, गेट कुठं दिसतंय? मना पन दाखवा." कविता मॅडम दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यानेच विषय काढला. म्हणाला, "रागावू नका. पैले खोटं बोलायला समोरच्याच्या दारात जायला लागायचं, त्याच्या डोल्यात बघायला लागायचं. अर्धे लोक तिथंच गडबडायचे. आता फोन कानाला लावला की झालं. सोप्पं झालंय, म्हनून वाढलंय." मॅडम म्हणाल्या, "दादूस, आप बस चलाओ ना." सगळे हसले, तेही हसल्या.

पौषातली सकाळ होती. रस्त्यावर धुकं होतं. बुधीबाई म्हणून एक साठीची बाई वालाच्या शेंगांची पाटी घेऊन बसमध्ये होती, ती नेहमीची. बाजाराच्या वळणावर दादूसने तिला उतरवलं. गाडी थांबल्याबरोबर पडदा ओरडायला लागला. बुधीबाई पाटी सावरत गाडीच्या पुढून पलीकडे निघाली. दादूसने गाडी पुढे सोडली आणि त्याच क्षणी मान वळवून बटनाकडे हात नेला. मी मागेच होते. त्याची मान वळलेली मी पाहिली, त्याचं बोट पाहिलं, आणि काचेपलीकडे धुक्यात ती पाटीही पाहिली. माझ्या तोंडून आवाज निघेपर्यंत धक्का बसला होता.

वेग जवळजवळ नव्हताच. पण तिचं वय झालेलं होतं. मांडीचं हाड मोडलं. शेंगा रस्ताभर पसरल्या. दादूसने खाली उडी मारली, तिला एकट्याने उचलून आणलं आणि माझ्या सीटवर आडवं केलं. "धर तिला," एवढंच मला म्हणाला. बस तशीच वळवून त्याने रुग्णालयाकडे घेतली. ठरलेला रस्ता सोडल्यामुळे पडदा सारखा ओरडत होता. बुधीबाई कण्हत होती. शेवटपर्यंत त्या बटनाला कोणी हात लावला नाही.

दुपारी साहेबांनी दादूसला बोलावलं. मला आणि कविता मॅडमनाही, पुढे बसणाऱ्या म्हणून. साहेब माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. ती पडद्याची यंत्रणा साहेबांनीच निवडून आणलेली होती आणि आता ती कंपनीच्या सगळ्या गाड्यांत बसायची होती. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "पडद्याला जोडलेला कॅमेरा मी पाहिला. त्याचं तोंड रस्त्याकडे आहे. नुसतं धुकं दिसतंय. वेगही कमी. म्हणजे तुमची चूक नाही. एक अनोळखी बाई अचानक आडवी आली. पडद्याचा उल्लेख करायची गरज नाही, तिला बसमधून आणल्याचा तर नाहीच."

"अनोळखी?" दादूस म्हणाला. "तिचं नाव बुधी हाय. तिच्या नातीच्या बारशाला मी जेवून आलोय."

"दादूस, तुम्हाला वाचवतोय मी."

"मना नका वाचवू. माझं ध्यान पडद्याकडं होतं, तिच्याकडं नव्हतं. तसंच लिवा."

"कॅमेऱ्यात तसं काही नाही."

"कॅमेरा गाडी चालवत नव्हता साहेब. मी चालवत होतो."

तो तिथून उठला तो थेट पोलीस ठाण्यात गेला आणि जबाब देऊन आला. आमच्यापुढे मात्र टाइप केलेले कागद आले. 'मला काही दिसले नाही.' बाहेर कविता मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "देख, मेरे को कुछ दिखा नहीं, तेरे को भी नहीं दिखा. घर चलाना है ना?" माझ्या नवऱ्याचं काम त्या वर्षी सुटलेलं होतं. मी सही केली. बसमधल्या सगळ्यांनीच केली.

दादूसला ते कळलं. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत माझी लाज काढेल. पण तसं झालं नाही. चौकशी संपेपर्यंत त्याला गाडी नव्हती. फॅक्टरीच्या फाटकाजवळच्या बाकावर नुसता बसून असायचा. पाचव्या दिवशी मीच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "दादूस, शिव्या दे." तो म्हणाला, "सही तुझी, हात तुझा. मी काय बोलू?" आणि सरकून मला बसायला जागा करून दिली. त्या सरकण्याने मला जे झालं ते शिव्यांनी झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि ठाण्यात जाऊन नवा जबाब दिला. पडदा, बटन, वळलेली मान, सगळं सांगितलं. आधीची सही भीतीने केली हेही सांगितलं. परत येताना मनात एकच घोळत होतं, की हे जे मी खरं बोलले ते त्याच्याच विरुद्ध जाणार आहे. म्हणून आधी त्याच्या घरी गेले. तो भडकलाच. "तुला कोनी सांगितलं होतं? तुझी नोकरी जाईल ना! घरात दोन पोरी हायेत तुझ्या!"

"माझा जबाब तुझ्या विरुद्ध जाईल रे."

तो म्हणाला, "विरुद्ध कसा जाईल? मी पन तेच बोललोय. माझ्या बाजूनं बोलनारी तू पयली." मग आत तोंड करून ओरडला, "अगं, लॅबवालीला चहा ठेव!"

उल्हासनगरच्या कोर्टात त्याची तारीख लागली, तेव्हा मी गेले होते. गुन्हा कबूल आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं. दादूस म्हणाला, "कबूल. पन पूर्ण लिहून घ्या." वकिलाने त्याची बाही ओढली. त्याने हात सोडवून घेतला. "गाडी चालू असताना तो पडदा ओरडतो आनि बटन दाबायला सांगतो. मी दाबायला गेलो, ही माझी चूक. पन तो उद्या दुसऱ्या गाडीत पन ओरडनार हाय. ते पन लिहून घ्या." न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि लिहून घ्यायला सांगितलं. दंड झाला, कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली, परवाना सहा महिने गेला. तो बाकावर संध्याकाळपर्यंत ताठ बसून राहिला. मी म्हटलं, जरा टेकून बस. म्हणाला, "शिक्षा हाय, टेकायचं कशाला?"

त्याच्या जबाबामुळे बुधीबाईचा विम्याचा दावा उभा राहिला. मांडीत सळई घातली, आणि काठीच्या आधाराने का होईना, ती चालू लागली. दर बुधवारी दादूस पुतण्याच्या रिक्षातून तिच्या वाडीवर जायचा. ती दारातच सुरू व्हायची, "मना ठोकलास मेल्या, आता माझी पाटी कोन नेल बाजाराला?" हा पाटी उचलून रिक्षात ठेवायचा. मी एकदा विचारलं, इतकं ऐकून का घेतोस? म्हणाला, "तिचा हक्क हाय तो. मी कोर्टात दिला तेवढा जबाब पुरत नाय. तिच्या दारात पन द्यायला लागतो."

कंपनीने त्याला परत घेतलं नाही. मला लॅबमधून काढून स्टोअरमध्ये टाकलं. अजून तिथेच आहे. सहा महिन्यांनी सगळ्या गाड्यांमधला पडद्याचा आवाज चालू गाडीत बंद केला. का केला, हे कोणत्याही नोटिशीत लिहिलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात दादूस गेला. हृदयाचा झटका आला, दोन दिवस रुग्णालयात होता, तिसऱ्या दिवशी संपलं. कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांनी त्याचा हार घातलेला फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'एकही अपघात न करता निष्कलंक सेवा देणारे आमचे ज्येष्ठ चालक.' त्याच्याखाली हात जोडलेली चित्रं येत राहिली. मी स्टोअरमधल्या स्टुलावर बसून ती रांग पाहत होते.

मी लिहिलं, 'हे खरं नाही. दादूसच्या हातून एक अपघात झाला होता. त्याने तो कबूल केला. आम्ही सगळ्यांनी काही दिसलं नाही म्हणून सह्या केल्या होत्या. मी त्या बसमध्ये होते.'

हात जोडलेली चित्रं थांबली. पाच मिनिटांत साहेबांचा फोन आला. "ताई, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का? काढून टाका ते."

"गेलेल्या माणसाबद्दल खोटं लिहिलंत तुम्ही. तुमचं काढा."

त्यांनी फोन ठेवला. मी ग्रुप पुन्हा उघडला, आता मला बाहेर काढलं असेल असं धरूनच. मी अजून आतच होते. कविता मॅडमचं नाव वर चमकत होतं, त्या काहीतरी लिहीत होत्या. लिहीत होत्या, थांबत होत्या, परत लिहीत होत्या. मग ओळ आली: 'मैं भी थी उस बस में. मैंने भी देखा था.' त्याखाली मेंटेनन्सचा एक जण: 'मी पण होतो.' मग मागच्या सीटवरच्या दोघी. मग ज्याचा फोन दादूस रोज काढून घ्यायचा, तो. साहेबांनी संध्याकाळी ग्रुप बंद करेपर्यंत ती नावं एकाखाली एक येत होती.