गार्डच्या पेटीतला मोजा

माझ्या नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे अशी माझी खात्री झाली, ती एका मोज्यावरून.

आज हे जाऊन वर्ष झालं. म्हणून लिहितेय.

साल अठ्ठ्याऐंशी. भुसावळचं रेल्वे क्वार्टर. हे मालगाडीवर गार्ड.
एकदा यांची ड्यूटीची पेटी पुसायला घेतली, तर हिरव्या झेंडीत गुंडाळलेला अर्धा मोजा. मरून रंगाची लोकर, चार सुया तशाच अडकवलेल्या.

यांच्या चपलेला लावून पाहिला. रुंदीला यांना लहान.
माझ्या पायात घालून पाहिला. मला सैल.

मग कोणाचा?

होता तसा परत ठेवला. पंधरा दिवस एक शब्द बोलले नाही.
हे खंडव्याहून आले की शर्टाचा वास घ्यायची. हे आंघोळीला गेले की पेटी उघडायची.
दर फेरीला मोजा बोटभर वाढलेला.

शेवटी एका सकाळी ताट वाढलं, शेजारी मोजा ठेवला आणि विचारलं, "कोण आहे ती?"

यांनी ताट बाजूला सारलं, मोजा उचलला आणि माझ्यासमोर विणायला लागले. सफाईने नाही, पण विणत होते.

खंडव्याच्या रनिंग रूमला, गार्ड-ड्रायव्हर मुक्काम करतात तिथे, एक पहाडी चौकीदार होता, जुना फौजी. त्याने शिकवलं होतं. गाडी सिग्नलला तासन्‌तास अडकली की हे शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, बसून विणायचे.

"आबासाठे इनी राहिनू," म्हणाले. आबांसाठी विणतोय.
हे सोनगीरचे. मनातलं बोलायचं असलं की अहिराणीच यायची तोंडात.

आबा म्हणजे माझे वडील. सावद्याचे केळीबागायतदार. मी बौद्ध घरातल्या मुलाशी लग्न केलं म्हणून सहा वर्षं माझ्याशी बोलले नव्हते. आमच्या घरचं पाणी पिणं तर दूरच.

खरं तर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मी म्हणाले, "आबांच्या जमिनीवर डोळा आहे का तुमचा?"

सुया थांबल्या.

म्हणाले, "थंडी पडली की तू म्हणतेस, आबांचे पाय गार पडत असतील. सहा वर्षं ऐकतोय."

मी असं म्हणायची, हे मलाच माहीत नव्हतं.

माप यांनी सावद्यात आबांच्या वहाणा शिवणाऱ्याकडून आणलं होतं.

दुसरा मोजा व्हायला महिना गेला. मग स्वतःच सावद्याला गेले. मी गेले नाही.
आबांनी ओट्यावरूनच विचारलं, पोरीने हिस्सा मागायला पाठवलं का. हे नाही म्हणाले, पुडकं ओट्यावर ठेवलं आणि परत आले. आबांनी त्याला हातही लावला नाही म्हणे.

मला वाटलं, संपलं.

संक्रांतीच्या आसपास, भर दुपारी, आबा दारात.
धोतर, काठी, आणि वहाणांत मरून मोजे, अंगठ्यापाशी चुरगळलेले.

माझ्याकडे पाहिलं नाही. यांना म्हणाले, "डावा आवयतो."
डावा घट्ट होत होता. पहिलीच जोडी होती यांची, दोन्ही मोजे सारखे कुठून येणार.

यांनी खुर्ची दिली आणि मोजा पुढून उसवून पुन्हा विणायला घेतला.
आबा एक पाय उघडा ठेवून बसले. नजर यांच्या बोटांवर. मोजे खरंच याने विणले की बाजारातून आणले, हे त्यांना पाहायचं होतं. एक टाका नजरेतून सुटू दिला नाही.

दोन तास.

मोजा घालून आबांनी पायाची बोटं हलवून पाहिली. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळले.

"चहा टाक, पोरी."

तीन कप टाकला. तिघांनी प्यायला.

जमिनीचं ते वाक्य मी कधी मागे घेतलं नाही. यांनीही पुन्हा कधी काढलं नाही. छत्तीस वर्षं.

आज सगळ्यांसमोर मागे घेते.

जय भीम, गार्डसाहेब. निवांत झोपा.