मामांचा आवाज जपानला कुणी नेला?

मंडळी, आज दुपारपासून आमचे मामा माझ्याशी बोलत नाहीयेत, आणि कारण आहे जपानची एक गिटार वाजवणारी बाई.

तिसगावात मामांची बँजो पार्टी आहे. वरातीत त्यांचा बँजो असा काही चिरकतो आणि रडतो, की दोन गल्ल्या पलीकडून ओळखू येतो. बँजोला जोडलेल्या आवाज बदलणाऱ्या मशीनचं हे सेटिंग त्यांना बँजो शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलं, कुणाला दाखवायचं नाही या अटीवर. म्हणून वाजवताना त्या मशीनवर टॉवेल टाकलेला असतो. दुसऱ्या पार्टीवाल्यांची नजर वाईट!

आज जेवताना मी मोबाईलवर त्या बाईंचा व्हिडिओ लावला. पिकलेले केस, काळं जॅकेट, मागे धडाडणारा रॉक बँड. पहिलाच सूर ऐकला आणि मामांचा घास हातातच राहिला.

"ह्यो तर माझा आवाज हाय!" मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "तूच टाकलास ना नेटवर? मागल्या वरातीत टॉवेल सरकला, तवा तूच मोबाईल धरून हुबी हुतीस."

शपथ घेतली तरी पटेना. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अहो, ही बाई तुमच्या लग्नाच्या आधीपासून असंच वाजवतेय!"

मामा डोळे बारीक करून म्हणाले, "मंग आमच्या उस्तादानं कुटून उचलला?"

तेव्हापासून माझ्याशी न बोलता ते नुसते उस्तादांना फोन लावतायत. एरवी पहिल्या रिंगला उचलणारे उस्ताद आज उचलत नाहीयेत.

खरं सांगू? आता मलाही शंका यायला लागलीय. तुम्हाला काय वाटतं?