तळहातावरचा वळ

भिंगवाल्यांना आपल्या थोरल्या साडूंचा हेवा वाटायचा. आता साडू म्हटला की थोडाफार हेवा ठरलेलाच; एकाच घरचे दोन जावई म्हणजे एकाच वजनकाट्यावरची दोन पारडी. पण इथं एक पारडं कायमचं जमिनीला टेकलेलं आणि दुसरं, म्हणजे भिंगवाल्यांचं, कायमचं अधांतरी. थोरल्या साडूंची पन्नाशी उलटली तरी डोक्यावरचा एक केस जागचा हलला नव्हता. घर अंगणवालं, आणि आवाज असा भरदार की नुसतं ‘पाणी द्या’ म्हणाले तरी चारजण उठत. रविवारी नळ दुरुस्त करणारा माणूस कुणाला म्हणून सापडत नसे, पण यांनी फोन केला की तो जेवणाच्या ताटावरून उठून यायचा. भिंगवाले हे सगळं बघायचे, आतल्या आत जळायचे आणि वरून ‘वा, भाऊसाहेब!’ म्हणायचे.

त्यांचं स्वतःचं काम चष्म्याच्या कारखान्यात. भिंगं घासायची, फ्रेमच्या मापानं कडा उतरवायच्या आणि बसवून द्यायची. नजर अशी की भिंगाच्या कडेला केसाएवढा टवका उडालेला असला तरी हातात घ्यायच्या आधीच दिसायचा. पण ही काही चारचौघांत मिरवण्याची गोष्ट नव्हे. मिरवायला त्यांच्याकडे एकच चीज होती, ती म्हणजे सायकल.

ऊन असो, पाऊस असो, भिंगवाले सायकलनंच कामावर जायचे. कुणी शिकवलं नव्हतं. मोडून, जोडून आणि एकदा गटारात पडून शिकले होते. आणि जे शिकले ते घरी बोलून दाखवायचे, रोज, न विचारता. ‘चेनला तेल पाजायचं असतं, अंघोळ घालायची नसते. कडीकडीवर थेंब, मग फडक्यानं पुसून काढ, नाहीतर रस्त्यावरची सगळी माती तिलाच येऊन चिकटते.’ बायको भाजी निवडत ‘हं’ म्हणायची. ‘पावसात ब्रेक उशिरा लागतो. रिम ओली असते ना! आधी हलकेच दाबून पाणी पुसून घ्यायचं, मग नीट दाबायचा.’ ‘हं.’ ‘रेनकोट अंगाला घट्ट नको. सैल, हँडलवरून पुढं सोडता येईल असा हवा, म्हणजे मांड्याही कोरड्या राहतात. आणि मोज्यांचा एक जोड पिशवीत बांधून. पाय ओले राहिले की माणूस दिवसभर चिडचिडा होतो.’ यावर ती म्हणायची, ‘म्हणजे तुमचे रोजच ओले असतात वाटतं.’

त्यांच्या सायकलचं पुढचं चाक जुन्या बाजारातून आणलेलं होतं. त्याच्या आसाला नट नव्हता, हातानं आवळायची लिव्हर होती. तिच्यावर तर त्यांचं कीर्तनच असे. ‘लोक हिला नळासारखी गोल गोल फिरवतात. गाढव आहेत! ही फिरवायची नसते, उलटी दाबून बसवायची असते. इतकी जोरात, की तळहातावर वळ उठला पाहिजे. वळ नाही उठला, तर चाक बसलंच नाही. आणि मग चाक उचलून वरून एक बुक्की मारायची. हललं, तर घरी बसायचं.’ असं म्हणून ते आपला लाल वळ बायकोला दाखवायचे. ती चष्मा वर करून बघितल्यासारखं करायची आणि पुन्हा भाजीकडे वळायची.

‘तूही सायकल घे,’ असं ते तिला किती वर्षं सांगत होते देव जाणे. ती रक्ततपासणीच्या केंद्रात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. रस्ता सरळ होता, मध्ये एक उतार आणि त्याच्या पायथ्याशी गतिरोधक, एवढंच. पण ती बसच्या रांगेत उभी राहायची आणि म्हणायची, ‘मला नाही बाई जमायचं.’ भिंगवाल्यांनी तो नाद सोडला होता.

आणि मग थोरल्या साडूंना डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. दुसऱ्या कुणाला सांगितला असता तर तो फाटकापर्यंत चालून परत आला असता. यांनी सायकल घेतली. काळी कुळकुळीत, बसल्यावर माणूस पुढं झुकतो तशी. सोबत शिरस्त्राण, बोटं उघडी असलेले हातमोजे, पाठीवर चकाकणारं जाकीट आणि चिखल उडू नये म्हणून मागं शेपटीसारखं मडगार्ड. ते ल्यालेले थोरले साडू दारात उभे राहिले तेव्हा भिंगवाल्यांच्या बायकोनं गालावर हात ठेवला. ‘अगंबाई! भाऊजी, ओळखूच आला नाहीत!’

भिंगवाल्यांनी आढ्याकडे बघितलं. घर दिलं, आवाज दिला, केस दिले. देवा, एक सायकल तेवढी माझी राहू द्यायची होतीस.

पुढचं तर आणखी वाईट. एका कप चहाच्या आत थोरल्या साडूंनी तिला तयार केलं. ‘अहो, तुमच्या ताईसाठी पण घेतली होती निळी. ती बसते कुठं? तुम्ही न्या. जमतं हो सगळ्यांना.’ आणि ती, जिला जन्मात जमणार नव्हतं, ती म्हणाली, ‘खरंच जमेल, भाऊजी?’

‘मी सांगतोय ना!’

मी सांगतोय ना! भिंगवाल्यांनी कप बशीवर आदळला नाही, एवढाच काय तो त्यांचा संयम. ते इतकी वर्षं काय, भिंतीला सांगत होते?

त्यानंतर रोज संध्याकाळी ती ताईच्या अंगणात जाऊन तोल सांभाळायला शिकली. घरी येऊन सांगायची, ‘भाऊजी म्हणाले, टायर अंगठ्यानं दाबून बघायचा.’ ‘भाऊजी म्हणाले, चेन पुसायची.’ भिंगवाले ऐकून घ्यायचे. त्यातलं अर्धं त्यांचंच होतं, शब्दसुद्धा त्यांचेच. थोरल्या मेव्हणीनं कधीतरी त्यांच्याकडून ऐकलेलं नवऱ्याच्या कानावर घातलं असणार. आपलाच माल दुसऱ्याच्या दुकानात बघावा, आणि गिऱ्हाईक आपल्याच घरचं असावं! कारखान्यात त्या आठवड्यात त्यांच्या हातून दोन भिंगं फुटली.

रविवारी दुपारी थोरले साडू निळी सायकल गाडीच्या डिकीत घालून घेऊन आले. पुढचं चाक काढलेलं होतं. भिंगवाले आतून पाना घेऊन येतात तोवर थोरल्या साडूंनी चाक पुढच्या दोन दांड्यांच्या फाट्यात अडकवलंसुद्धा, आणि तिथली तसलीच लिव्हर धरून फिरवायला लागले. गोल. नळासारखी. फिरवून फिरवून घट्ट झाली तशी सोडली आणि हात झटकले. तळहात स्वच्छ, गोरा, वळ नाही.

भिंगवाले हातभर अंतरावर उभे होते. त्यांना लिव्हर दिसली, तिचा कोन दिसला, चाकाच्या आसापाशी राहिलेली बारीक फट दिसली. ते पुढं झाले.

‘भाऊसाहेब, एक मिनिट...’

‘साडूभाऊ, पाना ठेवून या आत,’ थोरले साडू हसत म्हणाले. ‘तुमचा तो नटबोल्टांचा जमाना गेला. इथं हत्यारच लागत नाही!’

थोरली मेव्हणी खळखळून हसली. आणि बायकोही हसली. फार नाही, थोडीच, पण हसली. भिंगवाल्यांचं उघडलेलं तोंड मिटलं.

बरं, मिटलं तर मिटलं. ती मंडळी गेल्यावर तरी सांगायचं! सांगितलं नाही. जिन्याखाली सायकल उभी होती. संध्याकाळी ते एकदा तीन पायऱ्या उतरले आणि परत वर आले. त्यांच्या डोक्यात एक विचार घर करून बसला होता, आणि तो त्यांना फार गोड लागत होता. उद्या सकाळी ती सायकल बाहेर काढेल. चाक डुगडुगेल. ती घाबरेल आणि खालून हाक मारेल, ‘अहो, जरा बघता का?’ भाऊजींना नाही, त्यांना. मग ते सावकाश उतरतील, लिव्हर उघडतील, दाबून बसवतील, आणि तळहात पुढं करतील. बोलायचं काहीच नाही. एवढी एक हाक त्यांना हवी होती.

सोमवारी सकाळी पाऊस लागला होता. तिची वेळ त्यांच्या आधीची. ‘निघते,’ म्हणाली आणि खाली गेली. भिंगवाले दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून जिन्याकडे कान लावून बसले. खालून खुडबुड ऐकू आली. बराच वेळ ऐकू आली. त्यांना आरशात स्वतःचं हसू दिसलं. आता येईल हाक. आता येईल.

मग खुडबुड थांबली, आणि हाक आली नाही.

ते तसेच खाली धावले. जिन्याखाली फक्त त्यांचीच सायकल उभी होती.

त्या क्षणी भिंगवाल्यांच्या डोळ्यांपुढे थोरले साडू नव्हते, कुणीच नव्हतं. फक्त उतार होता, पायथ्याचा गतिरोधक होता आणि त्यावरून उडणारं एक निळं चाक. आपण बायकोला मारून बसलो, असं त्यांच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं. कशासाठी, तर हाक ऐकायला.

ते निघाले. रेनकोट खुंटीवर, पँटीचा चिमटा वर टेबलावर, गालावर साबण. टायर दाबून बघितला नाही, ब्रेक तपासला नाही. जे जे करू नये म्हणून जगाला सांगत होते ते सगळं त्यांनी एका फेरीत केलं. पँटीचा घोळ चेनमध्ये गेला आणि टरकन फाटला. उतारावर ब्रेक दाबला तर ओल्या रिमवरून रबरं नुसती घसरली, आणि भिंगवाले दोन्ही पाय रस्त्याला घासत खाली आले. गतिरोधकाशी थांबून त्यांनी रस्त्यावर बघितलं, कडेला बघितलं, गटारातही बघितलं. तिथं कुणी नव्हतं. त्याचाही अर्थ लावायला मन धजेना.

ती केंद्राच्या छपराखाली उभी होती. सैल रेनकोट काढून झटकत होती. केस कोरडे, साडी कोरडी. एका पायात कोरडा मोजा चढवलेला, दुसरा हातात. निळी सायकल शेजारी दोन्ही चाकांवर शहाण्यासारखी उभी.

‘हा काय अवतार!’ ती म्हणाली. ‘तोंडाला साबण... अहो, झालं काय?’

भिंगवाल्यांना धाप लागली होती. ‘चाक,’ ते म्हणाले.

‘हां, चाक! तेच सांगणार होते तुम्हाला.’ ती आवाज खाली आणून म्हणाली, ‘भाऊजींनी लिव्हर नुसती फिरवून ठेवली होती हो. मी निघताना बुक्की मारून बघितलं तर चाक डुगडुगतंय. मग उघडली आणि दाबून बसवली. केवढा जोर लागतो! हे बघा.’

तिनं हात पुढं केला. तळहाताच्या मधोमध लालभडक वळ होता.

भिंगवाल्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला. रडू आलं, ते पावसात खपून गेलं. ती जिवंत होती. आणि ऐकत होती! भाजी निवडता निवडता, ‘हं हं’ करता करता, या बाईनं सगळं ऐकलं होतं, मोज्यांसकट. थोरल्या साडूंच्या घरात, आवाजात, केसांत मिळून जे नव्हतं ते या हातावर उमटलं होतं. सुख म्हणतात ते हेच असावं, आणि ते अर्धं मिनिट टिकलं.

‘पण मला एक कळत नाही,’ ती म्हणाली. ‘ते बसवत होते तेव्हा तुम्ही तर शेजारीच उभे होतात. तुमच्या कसं लक्षात आलं नाही?’

आता बोला! ‘आलं होतं’ म्हणावं, तर पुढचा प्रश्न उभाच: मग मला तसंच जाऊ दिलंत? ‘नाही आलं’ म्हणावं, तर आयुष्यात होती नव्हती ती एक नजर, तीही गेली. भिंगवाल्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथं संशय नव्हता, नुसतं नवल होतं.

‘नाही आलं,’ ते म्हणाले.

‘चालायचंच,’ ती म्हणाली, आणि पदरानं त्यांच्या गालावरचा साबण पुसला.

‘भाऊजींना सांगू नका हं, वाईट वाटेल,’ असंही ती म्हणाली होती. पण पुढच्या रविवारी ताईकडे चहाला गेल्यावर तिनंच सांगितलं. अशा गोष्टी पोटात राहतात थोड्याच! थोरल्या साडूंचा चेहरा क्षणभर उतरला. ते बघून भिंगवाल्यांना बरं वाटणार, इतक्यात ती समजुतीच्या सुरात म्हणाली, ‘तुम्ही मनाला लावून घेऊ नका, भाऊजी. अहो, यांच्यासारख्यांच्या लक्षात आलं नाही, तिथं तुमचं काय घेऊन बसलात!’

‘काय सांगतेस!’ थोरली मेव्हणी म्हणाली. ‘दिव्याखाली अंधार! भिंगवाल्यांनाच आता चष्मा लावा.’

सगळे हसले. थोरले साडू तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्यांच्या जिवात जीव आला होता.

‘हसू नका हं,’ बायको मध्येच म्हणाली. ‘मला शिकवलं ते यांनीच.’

‘शिकवणं निराळं हो,’ थोरले साडू म्हणाले, आणि त्यांनी आपला जड, गोरा हात भिंगवाल्यांच्या खांद्यावर टाकला. ‘शिकवतील पुष्कळजण. नजर लागते. ती ना तुमच्याकडे, ना माझ्याकडे. काय, साडूभाऊ? आपण दोघं सारखेच!’

भिंगवाल्यांना त्या क्षणीही सगळं दिसत होतं: लिव्हरचा कोन, आसापाशी राहिलेली फट, वळ नसलेला हा तळहात. बायको त्यांच्याकडे मायेनं बघत होती.

‘खरंय, भाऊसाहेब,’ ते म्हणाले, आणि त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.